गोपाळ सखाराम सुरंगवणेकर, मुक्काम मढ

भिंतीवर हार घातलेला फोटो होता. फोटोखाली काचेच्या आत लिहिलं होतं: कै. गोपाळ सखाराम सुरंगवणेकर, मूळ गाव सुरंगवणे.

नाव माझ्या सासऱ्यांचं. बापाचं नाव त्यांच्याच बापाचं. गावही त्यांचंच. आणि फोटोत भलताच माणूस.

मामंजींचा चेहरा मला पाठ आहे. एकोणीस वर्षं मी त्यांना जेवण वाढलं. चेहरा लांबट होता, डावा कान दुमडलेला. फोटोतला माणूस रुंद तोंडाचा, मिशीवाला आणि हसत होता. मामंजी फोटोत काय, घरातसुद्धा कधी हसले नव्हते.

माझ्या हातात लाडवांचा डबा होता. पायात एकच चप्पल होती, दुसरी वर्सोव्याच्या चिखलात राहिली होती. त्या अवस्थेत मी लोकांच्या ओट्यावरून आत आले होते आणि तशीच उभी होते.

माझी नात प्राची हळूच म्हणाली, "आजी, हे तर पणजोबांचं नाव."

"वाचता येतं मला," मी म्हटलं. चौथी पास आहे मी. पण ती पाटी मी तीनदा वाचली.

घरमालक धर्मादादा बाजेवर बसले होते. म्हणाले, "तो माझा बापूस. बस गो बाय, उभी का?"

मी बाजेवर बसले नाही. डबा समोर ठेवला आणि जमिनीवरच टेकले.

आता हे सगळं आधीपासून सांगते, नाहीतर कोणाला काही कळणार नाही.

घाटकोपर, निघण्याआधी

प्राची माझ्या मुलाची, प्रकाशची, एकुलती एक मुलगी. अंधेरीला ऑफिसात जाते. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तेजस नावाचा एक मुलगा कामाला. त्याचंही आडनाव सुरंगवणेकर. गेटवरच्या वॉचमनने एकदा हिचं कार्ड त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "भाऊ-बहीण काय?" तिथून ओळख झाली. पुढचं मी सांगायला नको.

आम्हाला वाटायचं, हे आडनाव मुंबईत आमचंच. इतकं लांब की रेशनकार्डावरसुद्धा दोन ओळींत लिहिलेलं होतं. एका रविवारी जेवताना प्राचीने सांगून टाकलं. वर म्हणाली, "पप्पा, किती सोपं बघा ना. आडनाव बदलायला नको. आधार, पॅन, बँक, सगळं तसंच."

प्रकाशने घास खाली ठेवला. "एक आडनाव, एक गाव. भावकी म्हणतात त्याला. भावाशी लग्न करतेस?"

"पप्पा, यार, तो बोरिवलीचा आहे!"

"का, बोरिवलीत भाऊ राहत नाहीत?"

आमच्या लोकांत एका गावचे, एका आडनावाचे ते भाऊ धरतात. तिकडे कोणी गेलं की इकडे सुतक. त्या घरात मुलगी देत नाहीत. शेवटचा निकाल मात्र देवकाचा. देवक म्हणजे घराण्याचं झाड, लग्नात त्याची फांदी आणून पुजतात. आमचं कळंब. माझ्या लग्नात भटजींनी देवक विचारलं तेव्हा मामंजी बराच वेळ गप्प उभे होते. भटजींनी दोनदा विचारलं, मग म्हणाले, "कळंब." मला तेव्हा वाटलं होतं, माणूस विसरभोळा दिसतो.

तेजसकडचंही देवक कळंब निघालं तर विषय संपला. वेगळं निघालं तर बोलता येईल. पण विचारायचं कोणाला? आम्ही गावाला कधी गेलोच नव्हतो. गणपतीत आणि शिमग्यात आमची चाळ रिकामी व्हायची, आमचं एकच दार उघडं. मामंजी म्हणायचे, "घर पडलं, माणसं गेली, तिथं काही नाही." ते कापडाच्या मिलमध्ये कामाला. तिथले लोक मिलजवळ गाववाल्यांच्या खोलीत राहायचे, एका खोलीत एका गावची वीस-वीस माणसं. मामंजी मात्र इथे घाटकोपरच्या डोंगरावर, कोणी ओळखीचं नाही अशा ठिकाणी. रोजची एवढी ये-जा करायचे. समुद्राचं तर नाव काढायची सोय नव्हती. विसर्जनाला सगळी चाळ जायची, मामंजी दार लावून आत. मी त्यांना माणूसघाणे समजत आले.

प्राचीने दोन दिवस जेवण नीट केलं नाही. तिसऱ्या दिवशी बापाला म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाणार नाही. पण दुसऱ्या कोणाशीही करणार नाही. मग बसा."

ती बोलते ते करते. माझ्यावर गेली आहे.

मी प्रकाशला म्हटलं, "मी जाऊन विचारून येते. देवक एक असलं तर मीच तिला नाही म्हणून सांगेन. वेगळं असलं तर तू तोंड उघडायचं नाहीस."

"आई, तू या वयात कुठे फिरणार?"

"तू फिरतोस का? नाही ना. मग."

मुलुंड, पहिला दिवस

प्राचीने फोनवर शोधाशोध करून मुलुंडचे एक अण्णा सुरंगवणेकर काढले. रिटायर झालेले क्लार्क, ब्राह्मण. बायको गेल्यापासून त्यांनी एकच उद्योग धरला आहे: सुरंगवणेकर कुठे कुठे आहेत ते लिहून ठेवायचं. तिसरा मजला, लिफ्ट बंद. वर पोहोचेपर्यंत मला माझंच आडनाव आठवेना.

अण्णांनी पोहे केले होते. वर ओलं खोबरं आणि आत साखर. आमच्याकडे पोह्यात साखर घातली तर माणूस बशी बाजूला सारेल. मी खाल्ले. भूक होती.

भिंतीवर नकाशा, त्यात टाचण्या. मुलुंडला दोन, चेंबूरला एक, बोरिवलीला एक, मढला एक, एक पार नागपूरला. अशी एकूण सोळा घरं. घाटकोपरला टाचणी नव्हती, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं.

"आणि गावात किती?" मी विचारलं.

"गावात एकही नाही."

मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. "सुरंगवण्यात सुरंगवणेकर नाही? मग तिथे राहतंय कोण?"

"अहो, राहतात की शंभरेक घरं. पण त्यांना गावाचं नाव कशाला लागेल? सगळेच त्या गावचे. जो बाहेर पडला त्याला लोक विचारणार, कुठला? मग तो सुरंगवणेकर. आमचे आजोबा मुंबईला येईपर्यंत नुसते जोशी होते. चेंबूरचे आहेत त्यांचे आजोबा सुतार. तुमचे मराठे असतील. आडनाव एक, पण तेवढ्याने नातं लागत नाही."

पन्नास वर्षं मी हे आडनाव लावते. गावाने दिलंय असं समजत होते. ते गाव सोडल्यावर चिकटतं हे मला मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर कळलं.

प्राची उडालीच. "म्हणजे अण्णा, भावकी असेलच असं नाही?"

"असेल किंवा नसेल. कोणत्या घरातून कोण बाहेर पडलं ते बघावं लागेल. तुमचे पणजोबा कोण?"

"गोपाळ सखाराम," मी म्हटलं.

अण्णांनी वही उघडली. गावच्या एका म्हाताऱ्याने सांगितलेलं त्यांनी पूर्वी उतरवून घेतलं होतं. बोट फिरवत खाली आले आणि बोट थांबलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काय झालं?"

"काही नाही. चूक असेल."

"चूक असली तरी वाचा."

त्यांनी वाचलं. "गोपाळ सखाराम, मराठेवाडी. मुंबईस कामावर परत जाताना मचवा बुडून समुद्रात गेला. लग्न नाही. पुढे वंश नाही."

मी म्हटलं, "अहो अण्णा, वंश नाही कसा? त्यांची सून तुमच्यासमोर बसून तुमचे पोहे खाते आहे."

अण्णा बिचारे फार ओशाळले. आणखी पोहे वाढले. गावचा म्हातारा नव्वदीचा होता, एकाचं दुसऱ्याला लावलं असेल, म्हणाले. मीही मान डोलावली. पण जिना उतरताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. मामंजी आणि समुद्र, हे दोन शब्द मी पहिल्यांदाच एकत्र ऐकले होते.

बोरिवली, दुसरा दिवस

तेजसच्या आईने, संध्याने, आमच्यासाठी दुकानातून ढोकळा आणला होता. शेजारीपाजारी सगळे गुजराती, त्यामुळे पाहुणा आला की ढोकळा, ती म्हणाली. बाई मनमोकळी. बोरिवलीत राहते, पण माहेर मढचं, कोळ्यांचं. सासरही मढचंच. कोळणीने आमचं आडनाव लावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"कसं काय?" मी सरळ विचारलं.

"आजेसासरे गावाकडून आलेले. मढच्या कोळ्याच्या मुलीशी लग्न केलं आणि तिथलेच झाले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते गेलेले. मढला त्यांना सगळे 'मिलवाला' म्हणायचे. का ते देव जाणे, मिलमध्ये ते कधी गेलेच नाहीत. होडीवर जायचे."

मग तिने प्राचीकडे पाहिलं. "बोंबील साफ करता येतो का गं?"

"ऑर्डर करता येतो," प्राची म्हणाली.

दोघी हसल्या. मी हसले नाही. देवक विचारलं.

संध्याला आठवेना. "कसली तरी फांदी होती. थांबा, आल्बम आहे." आल्बम निघाला. देवक पुजतानाचा फोटोही सापडला. भटजी दिसतात, सुपारी दिसते, नारळ दिसतो. फांदीच्या जागी कोणा मावशीचा अंबाडा, गजऱ्यासकट. आम्ही तिघींनी तो फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. मावशी काही हलली नाही.

"सासऱ्यांना सगळं ठाऊक आहे," संध्या म्हणाली. "पण फोनवर त्यांना ऐकू येत नाही. मढला जाऊन या."

निघताना तिने प्राचीचा हात धरला. "होऊ दे गं बाई. माझा पोरगा महिनाभर धड जेवत नाही."

म्हणजे दोन्ही घरांत ताटं तशीच उठत होती.

वर्सोवा ते मढ, तिसरा दिवस

आमच्या घाटकोपरहून मेट्रोत बसलं की शेवटचं स्टेशन वर्सोवा. इतकं सरळ. तरी मी एवढ्या वर्षांत त्या बाजूला गेले नव्हते. समुद्र बघायचा नाही ही मामंजींची शिस्त, आणि ते गेल्यावरही ती घरात तशीच राहिली.

वर्सोव्याहून मढला खाडी ओलांडायला होडी. होडीत माणसं उभी, मध्ये स्कूटर उभ्या, एका बाईच्या पाटीत बर्फ घातलेली सुरमई. ओहोटी होती. धक्क्याची खालची पायरी शेवाळलेली. पाऊल सटकलं, मी वाचले, पण चप्पल चिखलात गेली. प्राची काढायला वाकली तर नावाडी ओरडला, "ए मॅडम, चप्पल सोडा, म्हातारी धरा!"

जन्मात पहिल्यांदा होडीत बसले. पाच मिनिटांचा रस्ता. होडी जरा हलली आणि मी त्या सुरमईवालीचा दंड पकडला. ती म्हणाली, "घाबरू नको गो आजी, इथं कोण बुडत नाय."

मढच्या गल्लीत बांबूंवर बोंबील टांगलेले. आमच्याकडे कपडे वाळत घालतात तसे, ओळीने. एका बंगल्यापुढे शूटिंगवाल्यांच्या गाड्या होत्या. त्यांनी आम्हाला थांबवलं. त्यांचं दृश्य संपेपर्यंत मी एका चप्पलेवर उन्हात उभी. मग विचारत विचारत धर्मादादांचं, म्हणजे तेजसच्या आजोबांचं, घर गाठलं, आत गेले आणि तो फोटो पाहिला.

धर्मादादांची बायको हिराबाई. तिने पाणी दिलं. मी प्यायले नाही. म्हटलं, "तुमच्या वडिलांचं हे नाव माझ्या सासऱ्यांचं आहे. त्यांच्या बापाचंही. गाव तेच. हा काय प्रकार आहे?"

प्राचीने तेच त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं.

मला वाटलं, हे आता भांडायला उठतील. पण धर्मादादा बायकोकडे वळून म्हणाले, "हिरा, आली गो. त्या कोटवाल्याची माणसं आली."

कोट मला माहीत होता.

धर्मादादांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील गोपाळ सखाराम खरेच मिलमध्ये होते, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. सुट्टीला गावी गेले आणि मे महिन्याच्या शेवटी परत निघाले. पावसाळ्याआधीचे शेवटचे मचवे, माणसं कोंबून भरलेली. मधल्या एका बंदरावर एक पोरगा चढला, अठरा-एकोणीसचा, मुंबईला पहिल्यांदाच चाललेला. वारं सुटलं, पाणी आत येऊ लागलं. पोरगा ओकून ओकून गळाला आणि थंडीने कुडकुडू लागला. गोपाळरावांनी आपला कोट काढून त्याला घातला. कोटाच्या खिशात मिलचा पास होता. त्या पासावर फोटो नव्हता, नुसतं नाव आणि नंबर.

मुंबई दिसायला लागली तेव्हा मचवा उलटला.

"माझा बापूस एका फळीला धरून वाहत इथं लागला," धर्मादादा म्हणाले. "पाय मोडलेला. माझ्या आईच्या बापसाने उचलून घरात आणला. चार महिने ह्याच घरात पडून होता. चालाया लागला तसा मिलच्या गेटवर गेला. गेटवाला बोलला, गोपाळ सखाराम? तो तर आत कामाला गेला. तू कोण?"

प्राचीने माझा हात धरला.

"बापूस भोंगा होईपर्यंत बाहेर थांबला. माणसं सुटली. त्यांच्यात तो पोरगा, अंगात कोट. बापसाने कोट ओळखला. पोरानं बापसाला ओळखलं. मेलेला माणूस समोर बघून तो मटकन रस्त्यातच खाली बसला."

"मुकादमाला कळलं नाही, हा दुसराच माणूस आहे?" प्राचीने विचारलं.

"त्याला साच्यावर हात पायजे होता. नावाशी काय देणंघेणं?"

"मग पुढे?"

"पुढे काय. बापूस बोलला, चल, चहा पिऊ. प्याले. पोरगा रडत होता, पास घे, कोट घे. बापूस बोलला, ठेव तुला. मला तो भोंगा नको आता. मी तिकडं कोळ्याची पोरगी करणार हाय. गावाला कळलं तर वाळीत टाकतील. मी मेलोय तेच बरं, मेलेल्याला कोण वाळीत टाकत नाय. तू फक्त एक कर. माझ्या गावाला कधी जाऊ नको, माझ्या गाववाल्यांत राहू नको."

मी ऐकत होते. घाटकोपरचा डोंगर, चाळीतलं आमचं एकटं उघडं दार, विसर्जनाला लावलेली कडी. मामंजींनी दिलेला शब्द पाळला होता आणि मी त्यांना माणूसघाणे म्हणत होते. तोंडावरसुद्धा म्हटलं होतं एकदा.

"त्याचं खरं नाव काय होतं?" मी विचारलं.

"बापसाने विचारलं होतं. तो बोलला, आता गोपाळच."

"आणि गाव?"

"मधल्या बंदरावर चढला, एवढंच. बापूस म्हातारपणी हसून बोलायचा, मुंबईत आणखी एक मी हाय."

मामंजी आपल्या स्वतःच्या घरी का परत गेले नाहीत, तिथे त्यांची कोण माणसं होती, ती किती दिवस वाट बघत बसली, हे मला माहीत नाही. बनवून सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र माझी आहे, ती सांगितली पाहिजे. मामंजींच्या ट्रंकेत एक काळा कोट होता. मी तो त्यांच्या अंगावर कधी पाहिला नाही. दर वर्षी मे महिना संपताना ते तो काढून उन्हात घालायचे आणि संध्याकाळी घडी करून परत ठेवायचे. एकदा मी म्हटलं, फाटलाय, गोधडीत घालू का. माझ्यावर इतके ओरडले की शेजारीण बघायला आली. ते गेल्यावर वर्षभराने मी तो कोट बोहारणीला दिला. त्याच्यावर एक स्टीलचा डबा आला, घट्ट झाकणाचा. चांगला डबा आहे. त्यातच मी लाडू आणले होते.

डबा माझ्यासमोर जमिनीवर होता. मी ते सांगून टाकलं. लपवायचं कशाला?

हिराबाईने तोंडाला पदर लावला. धर्मादादांना प्राचीने कानाशी पुन्हा सांगितलं. त्यांनी डबा ओढला, झाकण उघडलं, एक लाडू घेतला.

"म्हणजे बापसाचा कोट घरी आला म्हणायचा," ते म्हणाले आणि खाऊ लागले.

ज्या कामाला आले होते ते राहिलं होतं. मी विचारलं, "तुमचं देवक कोणतं?"

"वड. बापसानं सांगितलेलं, विलासच्या लग्नात पुजला."

विलास म्हणजे तेजसचा बाप. वड. आमचं कळंब. माझ्या लग्नात मामंजी इतका वेळ का गप्प होते ते मला आता कळलं. खऱ्या गोपाळचं देवक त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं असं मला वाटतं. नाव दुसऱ्याचं घेतलं, गाव दुसऱ्याचं घेतलं. झाड मात्र स्वतःचं सांगितलं. त्यांच्या खऱ्या घराचं तेवढंच आमच्यापर्यंत पोहोचलं.

प्राची रडायला लागली. मी म्हटलं, "आता कशाला रडतेस? काम झालं."

"आजी, मग आपण कोण?"

"आधी जेव," हिराबाई म्हणाली.

तांदळाची भाकरी आणि तळलेले ओले बोंबील. आमच्याकडे बोंबील दाबून, रवा लावून कुरकुरीत करतात. तिथे नुसतं आलं-लसूण लावून मऊ. मला आमचेच आवडतात, पण दोन भाकऱ्या खाल्ल्या. हिराबाईने प्राचीला विळीपाशी बसवून एक बोंबील साफ करायला लावला. प्राचीने त्याचे तीन तुकडे केले. हिराबाई म्हणाली, "शिकेल. नाय शिकली तर माझा नातू उपाशी मरेल, आमचं काय जातं?"

डबा मी तिथेच ठेवला. हिराबाईने कागदात सुके बोंबील बांधून दिले आणि तिची एक रबरी चप्पल, दोन्ही पायांची. परतीच्या होडीत मी कोणाचा दंड धरला नाही. पाण्याकडे बघत बसले.

घाटकोपर, परत

प्रकाशला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला. त्याने कपाटातून आजोबांचा मिलचा दाखला काढला, त्यावरचं नाव वाचलं, परत ठेवला. मग म्हणाला, "आई, म्हणजे मी सुरंगवणेकर नाही?"

"नाहीस."

"मग मी कोण?"

"घाटकोपरचा. जन्मल्यापासून."

लग्नाबद्दल त्याने तोंड उघडलं नाही. ठरलं होतं तसं.

लग्न माघात आहे. दोन देवकं पुजली जातील, वड आणि कळंब. आमच्या घरात हे आडनाव ज्याचं त्याच्याकडून रीतसर मिळणारी प्राची पहिलीच.

अण्णांना मुलुंडला फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "पुढे वंश नाही, हे खोडतो. मढला टाचणी आहेच. पण घाटकोपरच्या प्रश्नचिन्हाचं काय करू? मचव्यातून वाचले त्यांची नावं सांगा, नीट लिहून घेतो."

मी सांगितलं. त्या मचव्यातून दोनच माणसं वाचली. एक गोपाळ सखाराम सुरंगवणेकर. दुसऱ्याचं नाव कोणाला माहीत नाही. ते माझे सासरे.